सर्वांत वाईट दिवसाचा टायर

अमेरिकेतल्या केंटकी राज्यात बोलिंग ग्रीन नावाचे शहर आहे. शेव्हर्ले कंपनीची कॉर्व्हेट ही स्पोर्ट्‌स कार १९८१ पासून तिथेच तयार होते. तिची आठवी पिढी २०२० च्या मॉडेलपासून बाजारात आली आणि या पिढीत इंजिन पहिल्यांदाच चालकाच्या पाठीमागे गेले. या गाडीच्या साध्या स्टिंगरे मॉडेलला कारखान्यातूनच ऑल-सीझन टायर बसवून येतात. जास्तीचे पैसे मोजून झेड५१ हे वेगवानांचे पॅकेज घेतले, तर समर टायर मिळतात. पुढे २०२४ मध्ये ई-रे हे मॉडेल आले. पेट्रोल इंजिनाला विजेच्या मोटरची जोड, चारही चाकांना जोर आणि एकूण ६५५ अश्वशक्ती. पण मूळ किमतीत तिलाही टायर मिळतात ते ऑल-सीझनच. अनेक शौकिनांना हे खटकते. इतकी ताकद असलेल्या गाडीला बाजारहाटाच्या सेडानला शोभणारे टायर कशाला, असे त्यांचे म्हणणे. तक्रार समजण्यासारखी आहे, पण तिच्या मुळाशी असलेला प्रश्नच चुकला आहे. ‘सर्वांत जास्त पकड कोणत्या टायरची?’ हा प्रश्न शर्यतीच्या ट्रॅकवर ठीक आहे. रोजच्या रस्त्यावर विचारायचा प्रश्न वेगळा: वर्षातल्या ज्या सर्वांत वाईट दिवशी आपण ही गाडी खरोखर बाहेर काढणार आहोत, त्या दिवशी कोणता टायर रस्ता धरून ठेवील? एकदा हा प्रश्न मान्य केला की टायरची निवड बरीच सोपी होते आणि ऑल-सीझनचा मान-अपमानही मागे पडतो.

मुळात समर आणि ऑल-सीझन हा फरक रबराच्या मिश्रणात आहे. टायर रस्त्याला धरतो तो रबर लवचीक असते म्हणून. डांबराच्या पृष्ठभागावर बारीक खडबडीतपणा असतो. त्या उंचवट्यांमध्ये रबर दबून शिरते, चिकटते आणि सुटते. हे सगळे सेकंदाला असंख्य वेळा घडत असते. समर टायरचे मिश्रण उबदार रस्त्यासाठी बांधलेले असते. तापमान उतरत गेले की ते ताठरते. थंडीत बाटलीतले खोबरेल थिजावे तसे. फरक इतकाच की थिजलेले खोबरेल डोळ्यांना दिसते, ताठरलेला टायर दिसत नाही. खाचा तशाच असतात, नक्षी नवीकोरी असते, हवा बरोबर असते आणि तरीही पहिल्याच वळणावर गाडीचा मागचा भाग बाहेर जाऊ पाहतो. टायर उद्योगात यासाठी साधारण ७ अंश सेल्सिअसची सीमा सांगितली जाते. त्या आकड्यावर एखादी भिंत उभी नाही, पण तिथून खाली उतरण सुरू होते हे नक्की. एक गोष्ट इथे लक्षात ठेवायला हवी, कारण बहुतेकांचा गैरसमज नेमका इथेच होतो. सात अंशांना बर्फ नसतो. रस्ता कोरडा असतो, ऊन पडलेले असते. समर टायर अडचणीत येतो तो बर्फ पडण्याच्या कितीतरी आधी.

आणि प्रश्न फक्त पकडीचा नाही. वेगवान गाड्यांच्या समर टायरबाबत मिशेलिन कंपनीची लेखी सूचनाच आहे की, पारा उणे ७ अंशांच्या खाली गेला असेल, तर ते टायर आधी किमान ५ अंशांच्या उबेत २४ तास ठेवावेत आणि तोवर त्यांच्यावर भार टाकू नये किंवा ते रिमवर चढवू-उतरवू नयेत. एरवी रबराला तडे जाऊ शकतात. म्हणजे ‘थंडीत मी गाडी काढतच नाही’ हे उत्तरही पूर्ण नाही. गाडी कुठे उभी आहे, त्या गॅरेजमध्ये रात्री पारा कुठवर उतरतो, हेही पाहावे लागते. गाडी चार महिने उबदार गॅरेजमध्ये झाकून ठेवणाऱ्याने खुशाल समर टायर घ्यावेत. त्याचा सर्वांत वाईट दिवस म्हणजे एप्रिलमधला एखादा पावसाळी दिवस, आणि त्या दिवशी समर टायर उत्तमच चालतो.

थंडीतही मऊ राहणारे मिश्रण आणि बर्फ धरणारी नक्षी एकाच टायरात बसवण्याची कल्पना अमेरिकेत सर्वसामान्य ग्राहकापर्यंत नेली ती गुडइयरने. त्यांचा टिएम्पो हा ऑल-सीझन रेडियल टायर १९७७ मध्ये आला. त्याआधी थंड प्रदेशातली कुटुंबे हिवाळा आला की ‘स्नो टायर’ चढवत आणि वसंतात उतरवत. ऑल-सीझनने ती यातायात वाचवली, म्हणून तो अमेरिकी मोटारीचा जणू जन्मजात टायर झाला. स्पोर्ट्‌स कारपर्यंत तो पोचायला मात्र वेळ लागला. कारण उघड आहे. बर्फात कडा रुतवायच्या तर नक्षीच्या ठोकळ्यांवर ब्लेडने कापल्यासारख्या बारीक चिरा हव्यात. पण त्याच चिरांमुळे कोरड्या रस्त्यावर जोरात वळताना ठोकळे लचकतात आणि स्टिअरिंगचे उत्तर किंचित उशिरा येते. पुढे सिलिकायुक्त मिश्रणे आली. मग एकमेकांत अडकून आधार देणाऱ्या चिरा आल्या. त्यातून ‘अल्ट्रा हाय परफॉर्मन्स ऑल-सीझन’ हा स्वतंत्र वर्गच तयार झाला. मिशेलिनचा पायलट स्पोर्ट ऑल सीझन ४, कॉन्टिनेन्टलचा एक्स्ट्रीमकॉन्टॅक्ट डीडब्ल्यूएस०६ प्लस, पिरेलीचा पी झिरो ऑल सीझन प्लस ही त्यातली ठळक नावे. स्पोर्ट्‌स कारसाठी ऑल-सीझन म्हणायचे ते यांना. सेडानसाठीच्या साध्या ऑल-सीझनशी त्यांची गल्लत करू नये.

आता सर्वांत मोठ्या आक्षेपाकडे येऊ. कोरड्या, उबदार रस्त्यावर समर टायरची पकड जास्त असते आणि आणीबाणीच्या ब्रेकला तीच कामी येते, मग ती का सोडायची? आक्षेप खरा आहे आणि तो आकड्यांत मांडून पाहणे बरे. ही चाचणीची मोजमापे नव्हेत, शाळेतल्या भौतिकशास्त्राचा हिशेब आहे. घर्षणांक १ धरला, तर ताशी १०० किलोमीटरवरून गाडी सुमारे ३९ मीटरमध्ये थांबते; तो ०.९ झाला, तर सुमारे ४४ मीटर लागतात. फरक साडेचार मीटरचा, म्हणजे जवळजवळ कॉर्व्हेटच्या लांबीएवढा. पहिली गाडी जिथे थांबली, तिथून दुसरी अजून ३० किलोमीटरहून थोड्या जास्त वेगाने पुढे जात असते. हा फरक क्षुल्लक मुळीच नाही. पण तोच हिशेब आता बर्फाने मळलेल्या रस्त्यावर करू आणि वेगही निम्मा, ५० किलोमीटर, धरू. घर्षणांक ०.२ असेल, तर थांबायला सुमारे ४९ मीटर लागतील, ०.१ असेल, तर ९८. दोन्हीकडे घर्षणांकातली घट ०.१ एवढीच आहे. उन्हाळ्यात तिची किंमत साडेचार मीटर, हिवाळ्यात निम्म्या वेगालाही ४९ मीटर. थांबायचे अंतर पकडीच्या व्यस्त प्रमाणात वाढते, म्हणून पकड जिथे आधीच थोडी आहे तिथे हरवलेला प्रत्येक अंश कितीतरी महाग पडतो. टायर निवडताना उत्तम दिवसापेक्षा वाईट दिवसाला जास्त वजन द्यायचे, यामागे भित्रेपणा नाही. हे गणित आहे.

यावर काही जण म्हणतील की, आजच्या गाड्यांत एबीएस आहे, ट्रॅक्शन कंट्रोल आहे, ई-रेसारख्या गाडीत चारही चाकांना जोर आहे. टायरचे एवढे कौतुक कशाला? पण ही सगळी यंत्रणा पकड वाटून देते, निर्माण करत नाही. चारही चाकांना जोर दिल्याने गाडी घसरड्या रस्त्यावर सुटते चांगली. थांबताना मात्र कोणत्याही गाडीची चारही चाकेच ब्रेक घेतात, त्यामुळे तिथे हा फायदा उरत नाही. उलट सहज सुटणारी गाडी चालकाला फसवते. रस्ता किती निसरडा आहे हे त्याला कळते ते पहिल्या ब्रेकला. ई-रेच्या अभियंत्यांनी हे ओळखले असावे असे वाटते; नाहीतर चारही चाकांना जोर असलेल्या गाडीला त्यांनी समर टायरच मूळ म्हणून दिले असते. अधिक पकड हवी असणाऱ्याला त्यांनी समर टायरचा पर्याय ठेवलाच आहे. थोडक्यात, एकाच गाडीला दोन प्रकारचे टायर देऊन कारखाना ग्राहकाला वापर कसा करणार हेच विचारतो आहे.

दुकानात गेल्यावर मात्र हे प्रश्न टायरच्या बाजूवरच्या अक्षरांतून वाचावे लागतात, आणि तिथे जपून राहावे लागते. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या टायरवर तीन सरकारी श्रेणी छापलेल्या असतात: झीज, ओल्या रस्त्यावरची पकड आणि उष्णता सोसण्याची क्षमता. मिशेलिनच्या पायलट स्पोर्ट ४एस या समर टायरचा झिजेचा आकडा ३०० आहे, तर पायलट स्पोर्ट ऑल सीझन ४ चा ५४०. आकडा जितका मोठा तितका टायर टिकाऊ. पण श्रेणी कंपनी स्वतःच ठरवते, त्यामुळे एका कंपनीतल्या दोन टायरांची तुलना करावी, दोन कंपन्यांची करू नये. पकडीची श्रेणी या दोन्ही टायरांवर ‘एए’ अशी सर्वोच्चच दिसेल. कारण ती चाचणी सरळ रेषेत, ओल्या पृष्ठभागावर ब्रेक लावून होते. कोरड्या वळणावर टायर काय करतो, थंडीत काय करतो, याबद्दल ती गप्प असते. म्हणजे शौकिनाला हवे ते आणि हिवाळ्यात लागणारे ते, दोन्ही या श्रेणीत सापडत नाही.

बर्फाबाबत तर आणखीच सावध राहावे लागते. ऑल-सीझन टायरवर ‘एम अँड एस’ म्हणजे चिखल आणि बर्फ अशी खूण असते. ही खूण नक्षीच्या भूमितीवरून मिळते: खाचांची मोकळी जागा ठरावीक प्रमाणात आहे ना, त्या कडेपर्यंत पोचतात ना, एवढेच पाहिले जाते. तो टायर बर्फावर चालवून पाहिलेला असतोच असे नाही. याउलट तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण, ही १९९९ मध्ये अमेरिका-कॅनडातल्या रबर उद्योगाने आणलेली खूण चाचणीनंतरच मिळते. दाबलेल्या बर्फावर गाडीला वेग देताना तो टायर प्रमाणित टायरपेक्षा किमान १० टक्के सरस ठरावा लागतो. तिलाही मर्यादा आहे. ब्रेक, वळण आणि काचेसारखा गोठलेला रस्ता यांची परीक्षा त्यात नाही. वर उल्लेखलेल्या मिशेलिन आणि कॉन्टिनेन्टलच्या स्पोर्ट्‌स टायरांवर ‘एम अँड एस’ आहे, हिमकणाची खूण नाही. म्हणजे हे टायर थंडीसाठी आणि अधूनमधून पडणाऱ्या हलक्या बर्फासाठी आहेत. हिवाळाभर साचून राहणाऱ्या बर्फासाठी नाहीत. कॉन्टिनेन्टलने तर ही गोष्ट टायरच्या नक्षीतच कोरून ठेवली आहे. डी, डब्ल्यू आणि एस ही तीन अक्षरे रबरात उमटवलेली असतात: कोरडा, ओला, बर्फ. टायर झिजत गेला की आधी एस पुसट होतो. तेव्हा समजायचे की बर्फातली उपयुक्तता संपली. मग डब्ल्यू जातो, म्हणजे ओल्या रस्त्याचा भरवसा संपला. कायद्याने अमेरिकेत बहुतेक ठिकाणी १.६ मिलिमीटर खोलीपर्यंत टायर चालतो, पण बर्फातले काम त्याच्या फार आधी आटोपलेले असते. टायर गोटा होईपर्यंत वाट पाहणाऱ्याचा ऑल-सीझन शेवटच्या हिवाळ्यात नावापुरताच ऑल-सीझन उरतो.

म्हणूनच हा टायर कुठे योग्य, याचा एक नकाशा काढता येतो. बोलिंग ग्रीनचीच हवा पाहा. जानेवारीत रात्री पारा शून्याखाली जातो, दुपारी पुन्हा वर येतो. बर्फ पडतो, पण काही दिवसांत वितळतो. केंटकी, टेनेसी, व्हर्जिनिया, मेरीलँड अशा पट्ट्यात वर्षभर स्पोर्ट्‌स कार चालवणाऱ्यासाठी चांगला ऑल-सीझन हेच सरळ उत्तर आहे. मिनेसोटात किंवा न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोत तो पुरणार नाही. तिथे हिवाळ्याचे टायर वेगळेच हवेत. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात हिमकणाची खूण असलेले टायर कायद्यानेच सक्तीचे आहेत. जर्मनीत बर्फाळ किंवा गोठलेल्या रस्त्यावर हिवाळी टायर बंधनकारक आहेत आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून नुसती ‘एम अँड एस’ खूण तिथे चालत नाही. अमेरिकेत शहाणपणाची ठरणारी निवड म्युनिकच्या बर्फात बेकायदा ठरते, ती यामुळे.

इथे जाणकारांचा दुसरा आक्षेप येतो: उन्हाळ्याचा एक आणि हिवाळ्याचा एक असे दोन संच ठेवले तर दोन्ही ऋतूंत उत्तमच मिळेल, मग मधला मार्ग का? जागा, पैसा आणि शिस्त तिन्ही असतील, तर दोन संच सरस, यात वाद नाही. दोन्ही आलटून पालटून झिजतात, म्हणून खर्चही वाटतो तितका दुप्पट होत नाही. पण मधल्या आठवड्यांचे काय? नोव्हेंबरमध्ये सकाळी ऑफिसला निघताना २ अंश आणि संध्याकाळी परतताना १५ अंश, असे दिवस या पट्ट्यात येतात आणि जातात. टायर बदलण्याची तारीख एकच असते. हवामान तिची वाट पाहत नाही. वितळण्या-गोठण्याच्या या खेळात उन्हाळी संच सकाळी कमी पडतो, तर हिवाळ्याचा संच दुपारच्या उबेत लुसलुशीत होऊन लवकर झिजतो. जिथे हिवाळा सलग असतो तिथे दोन संच हवेत. जिथे तो लपंडाव खेळतो, तिथे ऑल-सीझनची बाजू भक्कम होते. ट्रॅकवर गाडी नेणाऱ्याने मात्र हा युक्तिवाद स्वतःला लावून घेऊ नये. ट्रॅकवर ठोकळे तापतात, लचकतात, फाटतातही. तिथे समर टायरच हवा.

प्रकार ठरला की बाकीचे तपशील चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीत मिळतात. स्टिंगरेला पुढे २४५/३५ झेडआर १९ आणि मागे ३०५/३० झेडआर २० असे टायर लागतात. पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा रुंदीच्या टक्केवारीत उंची, शेवटचा रिम इंचांत. पुढचे-मागचे माप वेगळे असल्याने टायर पुढून मागे फिरवून झीज सारखी करता येत नाही, आणि मागचे आधी संपतात. ऑल-सीझनच्या टिकाऊपणाची जाहिरात वाचताना हे ध्यानात ठेवावे. चारही टायर एकाच प्रकारचे असावेत. मागे समर, पुढे ऑल-सीझन अशी जोडी थंडीत गाडीला गिरकी घ्यायला लावू शकते. भारांक आणि वेगाची श्रेणी मूळ टायरपेक्षा कमी घेऊ नये. अमेरिकेतल्या महामार्गांवरच्या वेगमर्यादा पाहता वाय, म्हणजे ताशी ३०० किलोमीटरची श्रेणी दिखाऊ वाटेल. पण ती टायर उष्णता आणि भार कितपत सोसतो हेही सांगते. बाजूवरच्या डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे निर्मितीचा आठवडा आणि वर्ष दाखवतात. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. हवेकडेही लक्ष हवे. तापमान साडेपाच अंशांनी उतरले की साधारण एक पीएसआय हवा कमी होते. सप्टेंबरच्या २५ अंशांत भरलेली हवा जानेवारीच्या उणे ५ अंशांत पाच-साडेपाच पीएसआयने घटलेली असते आणि चांगल्यातला चांगला टायरही मग बिघडल्यासारखा वागतो.

या सगळ्याशी मराठी वाचकाचा संबंध दोन ठिकाणी येतो. न्यू जर्सीत मोठी मराठी वस्ती आहे आणि हौसेने मस्टँग किंवा मियाटा घेऊन ती वर्षभर ऑफिसला नेणाऱ्याला वरचा हिशेब जसाच्या तसा लागू पडतो. ऑल-सीझनच्या बाजारात एक भारतीय कंपनीही आहे. अपोलो टायर्सने २००९ मध्ये नेदरलँड्समधली व्रेडेस्टाइन ही जुनी कंपनी विकत घेतली, आणि तिचे क्वाट्रॅक मालिकेतले टायर युरोपात याच वर्गात विकले जातात. पण तेच टायर आयात करून मुंबई-पुण्यातल्या पोर्शला बसवण्यात अर्थ नाही. निफाडला पारा पाच अंशांखाली गेल्याच्या बातम्या दरवर्षी येतात, तरी ती थंडी काही पहाटांपुरती. इथला सर्वांत वाईट दिवस जानेवारीत नाही, जुलैत आहे: खंडाळ्याच्या घाटात धो धो पाऊस आणि रस्त्यावर पाण्याचा थर. रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो, झिजलेला तर आणखी लवकर. तिथे हवी ती ओल्या रस्त्यावर उत्तम पकड असलेली आणि खोल खाचांची समर टायरची जोडी. युरोपातून आलेल्या टायरवर ओल्या पकडीची ए ते ई अशी श्रेणी असते. ती पाहून घ्यावी, आणि पावसाळ्यापूर्वी खाचांची खोली मोजावी.

नियम तोच राहिला, फक्त दिवस बदलला. म्हणून दुकानदाराला ‘सर्वांत चांगला टायर कोणता’ असे विचारू नये. त्याचे उत्तर तो शेल्फवरच्या सर्वांत महागड्या टायरकडे बोट दाखवून देईल. त्याऐवजी गाडी वर्षातून किती महिने चालते, गॅरेज किती थंड होते आणि गेल्या वर्षी कोणत्या हवेत ती बाहेर काढावी लागली, एवढे त्याला सांगावे. या तीन उत्तरांनंतर निवडीला फारसे काही उरत नाही. ज्याची स्पोर्ट्‌स कार थंड, कोरड्या, क्वचित पांढऱ्या होणाऱ्या रस्त्यावर बाराही महिने धावते, त्याने ऑल-सीझन घ्यावा आणि त्याबद्दल कुणापुढे ओशाळू नये. उन्हाळ्यातल्या एखाद्या वळणावर त्याला थोडा वेग सोडावा लागेल. तो वेग तसाही सार्वजनिक रस्त्यावर त्याच्या हक्काचा नव्हता.